पाळीवरचा दिवस

गोंदियाहून चांदाफोर्टकडे जाणाऱ्या गाडीतून, सौंदड मागे पडल्यावर, मे महिन्यात जो प्रदेश दिसतो तो प्रथमदर्शनी उजाडच वाटतो. धान कापून झालेल्या कोरड्या बांध्या, मोहाची विरळ झाडे, आणि अधूनमधून अर्जुन-करंजांनी आच्छादलेला मातीचा एखादा लांब उंचवटा, ज्याच्या पाठीशी विस्तीर्ण जलाशय असेल अशी शंकाही नवख्या प्रवाशास येऊ नये. हा उंचवटा म्हणजे तलावाची पाळ. अशाच एका पाळीच्या टोकाशी, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील एका खेड्यात, माझ्या स्नेह्याच्या आजोळचा मालगुजारी वाडा आहे. देवलगावला उतरून आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा सकाळ पुरती वर आली नव्हती, तरी स्नेह्याच्या मामांनी, ज्यांना सारे गाव काकाजी म्हणते, गूळपाणी पुढे करतानाच बजावले, "पाळीवर जायचं तं आत्ताच जा जी, दहानंतर कुत्रंही बाहेर पडत नाही."

पाळीवर गर्द सावली होती. आतल्या अंगाला पाणी बरेच मागे सरले होते, आणि मोकळ्या पडलेल्या काळ्या गाळाला पडलेल्या भेगांत गुरांच्या खुरांचे ठसे वाळून घट्ट झाले होते. उथळ पाण्यात एक वृद्ध ढिवर कमरेइतका उभा राहून जाळे उचलीत होता. त्याने जाळ्याचा काठ आवळला, डाव्या हाताच्या मनगटाला दोरीचा एक वेढा दिला, आणि जाळे काठावर आणून उलगडले तेव्हा त्यात चिखलाचा गोळा, पाणवनस्पतींचे लोंबते देठ आणि तडफडणारी दोन मरळे एवढेच निघाले. त्याने मासे टोपलीत टाकले. देठ मात्र फेकून न देता ते हाताने सोडवून पुन्हा पाण्यात रोवले. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "हे राहिलं तं मासोळी राहते जी." मग पलीकडच्या काठावर दाट माजलेल्या बेशरमाकडे हात करून त्याने जोड दिली, "अन् ते आलं का मासोळी जाते." पाणवनस्पतींत माशांचे अन्न असते, त्यांची अंडीही तेथे सुरक्षित राहतात, एवढे शास्त्र त्याने दोन वाक्यांत सांगितले.

दुपारी कवेलूंच्या छपराखाली, सपरीत, ओला पंचा डोक्याशी घेऊन बाजेवर पडण्याखेरीज दुसरा उद्योग संभवत नव्हता. घरच्या वहिनींनी कच्च्या आंब्याच्या फोडी घातलेला माशांचा रस्सा आणि भात असा भोजनाचा थाट केला होता. त्यानंतरच्या सुस्तीत काकाजींनी माजघरातून एक जीर्ण बस्ता आणून माझ्यापुढे सोडला. त्यात बंदोबस्ताच्या काळातील वाजिब-उल-अर्जची नक्कल होती: तलावाच्या पाण्यावर कोणाची वहिवाट, गुरांना पाणी कोठे पाजावे, याची नोंद. पाळ दुरुस्त ठेवण्याची जबाबदारीही, काकाजींच्या म्हणण्याप्रमाणे, याच वहिवाटीत गुंफलेली होती. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यास त्याच्या पाण्याखाली भिजेल ती जमीन द्यावी, असा रिवाज या मुलखात सांगितला जातो. कोहळी समाजाने त्या आधारावर पूर्व विदर्भात हजारो तलाव उभे केले. जवळच्या नवेगावबांधचा विशाल तलाव कोलू पाटील या कोहळ्याने बांधला अशी परंपरा आहे, आणि त्याच कोलू पाटलास कोलासुर म्हणून लोकांनी देवपद दिले. पाणी अडवणाऱ्याची अशी पूजा बांधणारी माणसे मला फार थोर वाटतात.

मालगुजारी 31 मार्च 1951 रोजी संपली. ती संपणे न्याय्यच होते, कारण तिच्यात वेठबिगारीही होती आणि रयतेवरचा जुलूमही होता, हे काकाजी स्वतः कबूल करतात. परंतु तलाव सरकारजमा झाले तेव्हा त्यांच्यासोबत पाळीची मरामत, सांडव्याची देखभाल आणि गाळाचा उपसा ही गावाची नित्यकर्मे कोणाच्याच खात्यावर चढली नाहीत. अशा परिस्थितीत वरच्या तलावाचा सांडवा फुटला की त्याचे पाणी खालच्या बोड्यांवर, म्हणजे लहान तळ्यांवर, कोसळते, त्याही फुटतात, आणि मग धानाचे पऱ्हे वाळतात ते पावसाअभावी की दुर्लक्षामुळे, हे ठरवणेही कठीण होते. उन्हाळ्यातला हा निवांत दिवस मला ज्या पाण्याने दिला, ते पाणी अनेक पिढ्यांच्या घामाने अडलेले आहे, हे त्या जुन्या कागदावर हात ठेवून मी प्रथमच पुरते जाणले.

ऊन उतरल्यावर सकाळचा ढिवर आणखी चार-पाच माणसांसह सपरीच्या पायरीशी येऊन बसला. मत्स्य सहकारी संस्थेचा ठेका, गाळ कोणाच्या बांधीत टाकायचा, ट्रॅक्टरचे डिझेल कोणी द्यायचे, यावर बरीच हुज्जत झाली. काकाजी फारसे बोलले नाहीत. शेवटी मात्र म्हणाले, की रोवणीच्या आधी बेशरम मुळासकट उपटले पाहिजे, आणि त्याची सुरुवात पूर्वेच्या काठापासून व्हावी, कारण तेथे पाणी आधी चढते. ढिवराने मान डोलावली. कोणीतरी माझ्याकडे पाहून विचारले, "पावणे, थांबता का उद्या?" परतीची गाडी तशीही दुपारची होती, मी सकाळसाठी कुदळ मागून घेतली.