शर्ट ओढला, गोल वाचला!

खारघरच्या आमच्या शाळेच्या मैदानावर मी शिट्टी घेऊन उभी होते. चौथीतला एकजण चेंडू घेऊन सुसाट निघाला, तोच मागच्याने त्याचा शर्ट धरला. मी पिवळं कार्ड दाखवलं. पठ्ठ्या हसतच म्हणाला, "चालेल बाई, गोल तर वाचला!"

११ जुलै २०२१ ला युरो चषकाच्या अंतिम सामन्यात इटलीच्या किएलिनीने इंग्लंडच्या साकाची कॉलर अशीच खेचली होती. त्यालाही पिवळंच कार्ड! पुढे इटली पेनल्टींवर जिंकली. अशा ओढाओढीला लाल कार्ड मिळतं, ते गोलची उघड संधी हिरावली तरच. मला काही हे पटत नाही. हॉकीत पिवळ्या कार्डालाही निदान पाच मिनिटं बाहेर बसावं लागतं.

मग मीही त्याला पाच मिनिटं बाहेर बसवलं. स्वारी फुरंगटली. दुसरा मात्र अजून उसवलेली बाही चाचपत होता.