गुरुजी परत शाळेत आले

जुलै 2023 मधली गोष्ट. कचेरीत आम्ही फायलीत डोकं घालून बसलो होतो. टेबलासमोरून आवाज आला, "काय रे, ओळखलंस का?" मान वर करून पाहतो तर आमचे चौथीचे गुरुजी! उठून जयभीम घातला, खुर्ची पुढे केली. गुरुजींच्या हातात अर्ज होता.

त्याच महिन्यात शासनाने जिल्हा परिषद शाळांतल्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षक घेण्याचा आदेश काढला होता. मानधन महिना 20,000 रुपये, वयाची मर्यादा 70, काम नियमित भरती होईपर्यंत. पेन्शन चालूच. गुरुजी तेव्हा 63 वर्षांचे.

अर्ज घेताना आमच्या मनात चर्र झालं. आमच्या आक्काचा मुलगा डी.एड. होऊन आठ वर्षं झाली होती. त्याच वर्षी त्याने शिक्षक अभियोग्यता परीक्षा दिली होती. पहाटे पेपर टाकायचे आणि दिवसा भाड्याची रिक्षा चालवायची, हा त्याचा क्रम.

रात्री आक्काने आम्हाला धारेवर धरलं. "ज्याला पेन्शन आहे त्यालाच पुन्हा काम, मग माझ्या पोरानं काय करायचं? आणि अर्ज तूच घेतोस!"

आम्ही बी.कॉम. झालेली माणसं, पण हा हिशेब आम्हाला जुळेना. नव्याने लागणारा प्राथमिक शिक्षक पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, त्याला 16,000. निवृत्ताला पेन्शन अधिक 20,000! खरं सांगायचं तर आमच्याही पोटात दुखत होतं. आम्ही 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलो, म्हणून जुनी पेन्शन आम्हाला नाही. मार्च 2023 च्या संपात त्यासाठीच आम्ही सात दिवस रस्त्यावर होतो.

रविवारी विहारात गुरुजी भेटले. धीर करून विचारलं. गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "पेन्शन म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्मी. त्यातली 40 टक्के विकून घर बांधलं. ती कपात पंधरा वर्षं चालायची. तुझ्या काकूंचं औषध सुटत नाही. आणि त्या शाळेत एकच मास्तर चार वर्ग सांभाळतोय. पोरं नुसती बसून असतात. ते बघवत नाही."

आम्ही म्हणालो, "गुरुजी, तुमची गरज खरी आहे. पण तुम्ही वर्गात उभे राहिलात की पालकांची ओरड थांबते. जागा मात्र कागदावर रिकामीच राहते. कायम जागा भरायची तर बिंदुनामावली लागते, राखीव जागांचा हिशेब द्यावा लागतो. मानधनावर भागलं की तो हिशेब पुढे ढकलला जातो."

गुरुजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुझ्या भाच्याला संध्याकाळी पाठव."

तेव्हापासून विहारात पाच पोरांचा अभ्यास सुरू झाला. दिवसा शाळा, संध्याकाळी ही पोरं. 2024 च्या भरतीत गुरुजींच्या वर्गावर एक मुलगी कायम जागेवर आली. गुरुजींनी त्याच दिवशी हजेरीपट तिच्या हाती दिला. भाच्याचा नंबर थोड्या गुणांनी हुकला. 2025 ची परीक्षाही त्याने दिली. रिक्षा अजून सुटलेली नाही. पण आक्काच्या घरी आता गुरुजींचा चहा ठरलेला असतो.

बंधू-भगिनींनो, म्हातारा गुरुजी आणि बेकार पोरगा यांचं भांडण लागलं की जागा न भरणारा नामानिराळा राहतो. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक असतात. तुम्हीच ते पालक. पुढच्या बैठकीला मजुरी अर्धा दिवस बुडाली तरी जा आणि दोनच प्रश्न विचारा. आमच्या शाळेत मंजूर जागा किती? कायम भरलेल्या किती? उत्तर कागदावर लिहून घ्या. तो कागद कुठे न्यायचा, हे सांगायला आमच्यासारखे कारकून वस्तीत आहेतच.