शोकेसचा पडदा

अब्बांच्या कापडाच्या दुकानाचं तोंड पश्चिमेला. शोकेसमधली साडी उन्हाने महिन्याभरात विटायची, म्हणून दुपारी ते पडदा ओढून ठेवत. गिऱ्हाईक आलं की उघडायचा, गेलं की बंद. मला हसू यायचं.

पीएचडीला मी जिवंत हेला पेशी कॉनफोकल मायक्रोस्कोपखाली पाहत होते. केंद्रकातल्या प्रथिनाला जेलीफिशचं हिरवं प्रथिन जोडलेलं, निळा लेसर पडला की चमकणारं. पण तोच लेसर हा रंग विटवतो आणि पेशीत ऑक्सिजनची विषारी रूपं तयार करतो. बारीक छिद्रामुळे चित्र एकाच पातळीचं मिळतं, मार मात्र पेशीच्या सगळ्या जाडीला बसतो.

एका औषधाने पेशी मरतात, असं मी सहा महिने मानत होते. परिषदेला गोषवाराही पाठवून झाला. मग एकदा सहज डिशच्या कडेला पाहिलं. तिथे लेसर कधी पडलाच नव्हता, आणि पेशी मजेत वाढत होत्या. औषध तर सगळ्यांनाच मिळालं होतं! औषधाविना ठेवलेल्या पेशींची चित्रं मी जुन्या लेसरवर घेतलेली. दोन्ही वेळा स्क्रीनवर ‘दोन टक्के’च. पॉवर मीटर लावल्यावर कळलं, नव्या लेसरचे दोन टक्के जुन्याच्या जवळजवळ चौपट. टक्का कशाचा, हे मी विचारलंच नव्हतं. गोषवारा मागे घेतला. त्या रात्री जेवण गेलं नाही.

प्रकाशाचा विषय निघाला की आपल्यात इब्न अल-हैसमचं नाव घेतल्याशिवाय कुणी उठत नाही. घेऊ या. प्रखर उजेडाने डोळा दुखतो, हा साधा अनुभव त्याने पुरावा म्हणून वापरला होता. माझ्या पेशींना दुखतं म्हणायची सोय नव्हती.

नंतर ॲम्स्टरडॅमच्या गटाचा 2007 सालचा निबंध वाचला. लेसर एकेका बिंदूवर थांबत जातो. तिथे काहीच चमकत नसेल तर तो लगेच बंद. भरपूर चमकत असेल तर पुरेसं मोजून बंद. मधल्या अंधुक बिंदूंनाच पूर्ण वेळ. लवकर बंद केलेल्या बिंदूची तीव्रता मोजलेल्या वेळावरून हिशोबाने काढतात, नाहीतर चित्र खोटं यायचं. तंबाखूच्या पेशींत रंग विटणं सातपट घटलं, हेला पेशी सहापट काळ जगल्या.

आमच्या यंत्रावर ही सोय नाही. मी चित्रं दोनऐवजी दहा मिनिटांनी घेते, आणि रोज सकाळी मीटरचा आकडा वहीत लिहिते.

अब्बांना फोनवर हे सगळं सांगितलं. म्हणाले, “म्हणजे त्यांनी पडदा ओढायला माणूस ठेवलाय?”