न दिसणारी दुखापत

आमच्या घरीं दुखण्याची पारख डोळ्यांनीं होते. रक्त आलें, सूज चढली, ताप भरला, कीं सारें घर धांवतें; जें दिसत नाहीं त्याला दुखणें म्हणावयास आम्ही तयार नसतों. या संवयीपायीं गेल्या वर्षीं माझ्या हातून सूनबाईवर अन्याय झाला.

मुलगा व सून मोटारीनें पुण्याहून साताऱ्यास येत होतीं. वाटेंत एका चौकांत गाडी थांबली असतां मागून दुसरी गाडी आदळली. पत्रा चेपला, इतकेंच. दोघेंहि हंसत घरीं आलीं. देवापुढें साखर ठेवून मीं विषय संपविला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सूनबाईला मान वळवतां येईना. डोक्यामागें ठणका लागला. क्ष-किरणांच्या चित्रांत हाडें जागच्या जागीं होतीं. ‘काल तर चांगली हिंडत होतीस!’ मी म्हणालें, आणि तेंहि जाऊबाईंसमोर. ती कांहींच बोलली नाहीं.

पुढें डॉक्टरांनीं मला समोर बसवून समजावलें. मागून धक्का बसला कीं बैठक धडाला पुढें ढकलते. चार-पांच किलोंचें डोकें मात्र जागींच राहूं पाहतें. मानेच्या ७ मणक्यांपैकीं खालचे मागें व वरचे पुढें वांकून मान क्षणभर इंग्रजी ‘एस्’ अक्षरासारखी होते. हें सारें सेकंदाच्या सुमारें दहाव्या भागांत घडतें. स्नायूंना सावध होण्यास अवसरच मिळत नाहीं. दुखावतात ते स्नायू व सांध्यांचे बंध. ते त्या चित्रांत उमटत नाहींत. वेदनाहि कित्येकदां दुसऱ्या दिवशींच प्रकटते. चाबकाच्या झटक्यावरून यास ‘व्हिपलॅश’ म्हणतात.

‘मग पट्टा बांधून महिनाभर निजवूं या,’ मी म्हणालें. तेंहि चूक ठरलें. हाड मोडलें नाहीं याची खात्री झाल्यावर मान सोसेल तशी हलती ठेवणें हाच उपाय. बहुतेकांना कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत आराम पडतो. मात्र अपघातानंतर हातापायांस मुंग्या वा अशक्तपणा, मणक्यावरच तीव्र वेदना किंवा वाढती डोकेदुखी असेल, तर मान न हलवितां तत्काळ रुग्णालय गांठावें.

उठतांना त्यांनीं विचारलें, ‘बैठकीमागची उशी किती उंच होती?’ ती डोक्याच्या माथ्याइतकी उंच व डोक्याच्या अगदीं निकट असावी, म्हणजे डोकें मागें झुकत नाहीं. मी निरुत्तर झालें. आदल्या प्रवासांत मागें बसून मला रस्ता दिसावा, म्हणून सूनबाईच्या जागेवरील ती उशी मींच खालीं दाबविली होती!

सूनबाई तीन महिन्यांनीं बरी झाली. आतां गाडींत बसण्यापूर्वीं मी प्रत्येकाची उशी वर ओढतें. आणि घरांत कोणी ‘दुखतें’ म्हटलें, तर ‘कोठें?’ एवढेंच विचारतें.