पाण्यातले आणि काठावरचे

मे महिन्यातल्या सहलीचा विषय निघाला की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष देवदर्शनाचा, दुसरा पाण्याचा. मिरजेच्या उन्हात शिजून निघालेल्या पोरांना देवळाची रांग नको असते, आणि गुडघेदुखीनं बेजार झालेल्या सासूबाईंना घसरगुंड्यांचं कौतुक असण्याचं काही कारण नाही. यंदा जाऊबाईंनी नकाशा पुढ्यात ओढला आणि तोडगा काढला. लोणावळा, खोपोली, गोराई. तिन्हीकडं वॉटर पार्क, आणि तिन्हीच्या आसपास थोरामोठ्यांनी एरवीही वाट वाकडी करून जावं असं काहीतरी आहेच. कार्ल्याची एकवीरा आणि लेणी, महडचा वरदविनायक, पालीचा बल्लाळेश्वर आणि गोराईचा पॅगोडा.

आमच्या आखणीचे नियम दोनच. एक दिवस ओला, तर दुसरा कोरडा. आणि ओल्या दिवशीसुद्धा काठावर बसणाऱ्यांसाठी काही ना काही योजलेलं हवं. पोरांना हा दुसरा नियम अजिबात पटला नव्हता.

तयारीत पहिल्यांदा बाहेर आला तो टेप. वॉटर पार्कात मुलांचं तिकीट बहुतेक ठिकाणी वयावर नाही, उंचीवर ठरतं. मोठ्या राइडवर सोडायचं की नाही हेही उंचीवरच. चार फुटांच्या आसपास बरीच दारं उघडतात. पुतण्या त्या रेघेच्या थोडा वर निघाला आणि माझी धाकटी थोडी खाली. म्हणजे एका ओल्या दिवसात आमच्या घरातल्या घरात दोन वेगळ्या सहली होणार, हे भिंतीवरच कळलं. मग कोण कुणाबरोबर राहणार याची वाटणी घरीच झाली. तिथं ऐन उन्हात भांडण्यापेक्षा हे बरं.

दुसरी वाटणी कपड्यांची. नायलॉन किंवा लायक्राचा पोशाख सक्तीचा का, असं सासूबाईंनी विचारलं. सुती कापडाचे धागे सुटतात आणि गाळणीत अडकतात, शिवाय भिजलेलं सुती कापड जड होऊन अंगाला ओढतं. जीन्सची बटणं आणि चेन फायबरच्या घसरगुंडीवर ओरखडे काढतात, मग त्या ओरखड्यांवर पुढच्याची पाठ सोलते. भाड्याचे कपडे तिथं मिळतात, पण आम्ही सांगलीच्या दुकानातून घरचे घेतले. बायकांनी तारखा ठरवताना पाळीचा हिशेबही उघडपणे मांडला. पुरुषमंडळी जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसली, पण त्यामुळं लोणावळ्याचा दिवस मागंपुढं झाला आणि कुणालाच काठावर नाइलाजानं बसावं लागलं नाही. शनिवार-रविवार मुद्दाम टाळले.

क्रूझर ठरवली. पेठ नाका, कऱ्हाड, सातारा, पुणे हा रस्ता पहाटेच्या गारव्यात उरकला. बरोबर भडंग, दशम्या, शेंगाचटणी. वॉटर पार्कच्या दारात बाहेरचं खाणं काढून घेतात, हे ठाऊक असल्यानं न्याहारी गाडीतच झाली.

पहिला दिवस कोरडा, कार्ल्याचा. एकवीरा ही कोळ्यांची आणि सीकेपींची कुलदेवता. पालखीच्या दिवसांत डोंगर माणसांनी भरतो, पण आम्ही गेलो तेव्हा चढणीवर निवांतपणा होता. सासूबाई गुडघ्याला पट्टा बांधून, बसत-उठत चढल्या. देवळाला लागूनच चैत्यगृह आहे. लांबी सुमारे 45 मीटर, आणि छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून जागच्या जागी. दगडाला लाकडी फासळ्यांची गरज काय, हा पुतण्याचा प्रश्न. लाकडी इमारती बांधणाऱ्यांनी दगडात कोरायला घेतलं, पण डोळ्यांची सवय सुटली नाही, असं दिरांनी सांगितलं. त्याला ते पटलं. खाली उतरल्यावर तो एवढंच म्हणाला, की उद्या एवढ्या पायऱ्या ट्यूब घेऊन चढायच्यात.

तो खरं बोलला होता. वॉटर पार्क म्हणजे मुख्यतः जिने, हे जाहिरातीत दिसत नाही. दोन मिनिटंसुद्धा न टिकणाऱ्या घसरणीसाठी चार मजले चढायचे, रांगेत उभं राहायचं, तापलेल्या फरशीवर पाय उचलत नाचायचं. म्हणून लोणावळ्याजवळच्या वेट अँड जॉयला आम्ही दार उघडतानाच आत शिरलो आणि उंच राइड आधी उरकल्या. दुपारी सगळी गर्दी जेवून मोठ्या घसरगुंड्यांकडं वळते, तेव्हा आपण लाटांच्या तलावात असावं. सांघिक ट्यूबवर बसण्याआधी काट्यावर उभं करतात, कारण एकूण वजनाला मर्यादा असते. दीर काट्यावर चढले तेव्हा मागच्या रांगेतल्या अनोळखी लोकांनीही आकडा मोठ्यानं वाचला.

लाटांच्या तलावाचं गुपित मुलांना तिथंच कळलं. खोल बाजूच्या भिंतीमागं बंद कप्पे असतात. मोठे पंखे त्यांत हवा कोंबतात, हवा पाण्याला खाली दाबते, दाब सोडला की पाणी उसळून तलावात येतं. हेच ठेक्यात केलं की लाटा. त्या सतत नसतात. भोंगा वाजतो, काही वेळ समुद्र खवळतो, मग सगळं शांत. पोहता येणाऱ्यालाही त्या गर्दीत ट्यूब आणि माणसं अंगावर येतात. त्यामुळं लहान मूल हाताच्या अंतरावर हवं. लाइफगार्डच्या शिट्टीवर विसंबून मोबाइलात डोकं घालणारे पालक मी तिथं पुष्कळ पाहिले.

डोळे लाल झाले की सगळे क्लोरीनला शिव्या देतात. दोष एकट्या क्लोरीनचा नसतो. माणसांचा घाम, अंगाचं तेल आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरॅमाइन तयार होतात, आणि डोळ्यांची आग व तो उग्र वास त्यांचा असतो. म्हणून आत जाण्याआधी शॉवर घ्यावा आणि पोरांना तासातासाला बाहेर काढून बाथरूमला न्यावं. जुलाब झालेलं मूल तर पाण्यात उतरवूच नये.

सासूबाई त्या दिवशी सावलीत बसल्या होत्या. जाऊबाई आणि मी आळीपाळीनं त्यांच्याजवळ होतो. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, ‘‘संध्याकाळी हे पाणी सोडून देतात काय गं?’’

त्यांचं माहेर जत तालुक्यातलं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. मी सांगितलं, की रोज सोडत नाहीत. पाणी गाळणीतून फिरवून, क्लोरीन घालून पुन्हा पुन्हा वापरतात. पण उन्हानं वाफ होते, अंगांबरोबर आणि कपड्यांबरोबर जातं, गाळणी उलट्या बाजूनं धुवायला लागतं. तेवढं रोज नव्यानं भरावं लागतं. त्यांनी मान हलवली. 2016 च्या एप्रिलमध्ये आमच्याच मिरज स्टेशनातून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती. पहिल्या गाडीला दहा टाक्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. त्याच उन्हाळ्यात महाराष्ट्रातले आयपीएलचे सामनेही पाण्यापायी न्यायालयाच्या आदेशानं राज्याबाहेर गेले. त्यामुळं मिरजेच्या माणसाला वॉटर पार्कात जाताना हा प्रश्न पडणारच. माझं उत्तर एवढंच, की टंचाईच्या वर्षी या सहलीचा हट्ट धरू नये, आणि बऱ्या वर्षी गेलो तर पाणी कुठून येतं हे मुलांना ठाऊक असावं.

ते दाखवायची सोय पुढच्याच वाटेवर होती. घाट उतरून खोपोलीत आलं की डोंगरावरून खाली झेपावणारे जाड नळ दिसतात. लोणावळा-वळवणकडच्या तलावांतलं पाणी टाटांच्या वीजघरासाठी या नळांतून घाटाखाली येतं, आणि हे 1915 पासून चाललं आहे. वीज करून झालेलं पाणी पुढं पाताळगंगेला मिळतं, म्हणून ती नदी उन्हाळ्यातही वाहती असते. ‘‘म्हणजे सगळ्यांत मोठी घसरगुंडी हीच,’’ धाकटी म्हणाली. या घसरगुंडीला उंचीची अट नाही, हेही तिनं जोडून दिलं.

खोपोलीचा ओला दिवस इमॅजिकाचा. थीम पार्क 2013 चं, वॉटर पार्क त्यानंतर वर्षभरानं आलं. ग्रीसमधल्या मिकोनोस बेटासारख्या पांढऱ्या भिंती आणि निळ्या खिडक्या. कोकणच्या मे महिन्यात तो पांढरा रंग डोळ्यांवर येतो, तेव्हा टोपी विसरू नये. थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवसात बसवायचा मोह होतो. लहान मुलं बरोबर असतील तर तो आवरावा. दोन्ही अर्धवट राहतात आणि परतीला सगळे चिडचिडे होतात. आमचे पुरुष मुलांबरोबर आत राहिले आणि सासूबाईंना घेऊन आम्ही जावा महडला गेलो. वरदविनायकाचं देऊळ 1725 मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी बांधलं. तिथला नंदादीप 1892 पासून तेवतो आहे, असं सांगतात. वॉटर पार्कच्या दिवशी आम्हा दोघींच्या वाट्याला आलेला तो निवांत वेळ मला घसरगुंड्यांइतकाच आवडला. मात्र आत-बाहेर करायचं तर पुन्हा प्रवेश देतात का, हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावं. आम्ही म्हणूनच दोघींची तिकिटं काढली नव्हती.

इमॅजिकाचा रस्ताच पुढं पालीला जातो. बल्लाळेश्वराच्या देवळामागं सरसगड उभा आहे, आणि तिथली मोठी घंटा चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतली, 1739 मधली म्हणून दाखवतात. दर्शनाआधी पहाटेच आम्ही उन्हेऱ्याला गेलो होतो. पालीपासून जवळच गरम पाण्याची कुंडं आहेत. गंधकाचा वास, वाफाळतं पाणी, ना मनगटाला पट्टी ना लॉकरची किल्ली. काठावरच्या माणसाचा ओला दिवस होता तो. सासूबाईंनी आधी पाय बुडवले, मग सावकाश उतरल्या आणि आम्ही हाक मारेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. पोरांना चटका सोसेना. ती काठावर बसून, आजी कधी निघणार, म्हणून विचारत राहिली. कालपर्यंत हाच प्रश्न उलट्या बाजूनं यायचा.

शेवटचा टप्पा गोराई. बोरिवलीच्या बाजूनं लाँचमधून खाडी ओलांडायची. गाडीनंच जायचं तर भाईंदर-उत्तनचा वळसा. आम्ही गाडी अलीकडं ठेवली, कारण आमच्यातल्या बऱ्याच जणांना लाँचचंच अप्रूप. आमच्या पिढीला वॉटर पार्क ही गोष्ट इथूनच कळली. 1989 मध्ये एस्सेलवर्ल्ड आलं, त्याची जाहिरात दूरदर्शनवर बघून आम्ही आईबापांचे कान खाल्ले, आणि 1998 मध्ये शेजारी वॉटर किंगडम उभं राहिलं. अमेरिकेत ऑर्लँडोला जॉर्ज मिले यांनी 1977 मध्ये वेट अँड वाइल्ड काढलं, तिथून हा धंदा सुरू झाला असं मानतात. गोराईपर्यंत पोचायला त्याला दोन दशकं लागली.

वॉटर किंगडमला लागूनच विपश्यनेचा पॅगोडा आहे. 2009 च्या फेब्रुवारीत तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्याचं उद्‌घाटन केलं. म्यानमारच्या श्वेडगॉनच्या धर्तीचा सोनेरी घुमट, आत एकही आधाराचा खांब नाही, आणि आठ हजार माणसं एकत्र ध्यानाला बसतील एवढा सभामंडप. भेट देणाऱ्यांनी तो काचेआडून बघायचा. इकडं सासूबाई आणि दीर शांत बसून होते, तिकडं लाटांच्या तलावाचा भोंगा वाजत होता. दिवसाच्या अखेरीस दोन्ही तुकड्या जेटीवर भेटल्या तेव्हा कुणी कुणाची वाट बघून कंटाळलेलं नव्हतं.

अशा जोड्या महाराष्ट्रात शोधाल तितक्या सापडतात. शिर्डीत साईमंदिर आणि वॉटर पार्क एकाच गावात. विरार-भिवंडीकडं पाण्याची रिसॉर्टं आहेत, त्याच टापूत वज्रेश्वरी आणि तिथली गरम कुंडं. पुण्याला सिंहगडाच्या पायथ्याशीही पार्क आहे. दर आणि वेळा दर हंगामात बदलतात, त्या निघण्याआधी त्या-त्या पार्ककडूनच विचारून घ्या. सलग दोन दिवस पार्क ठेवू नका; मुलांची पाठ आणि मोठ्यांचा खिसा दोन्ही सोलतात. सुके कपडे प्रत्येकाचे वेगळ्या पिशवीत भरा, म्हणजे चेंजिंग रूमच्या दारात एकाच बॅगेवर सगळं घर तुटून पडत नाही.

आणि ऑनलाइन तिकिटाचं बटण दाबण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला एकदा विचारा, तुम्हाला कुठं जायचंय. त्या उत्तराभोवती पार्क बसवणं सोपं आहे. पार्क ठरवून झाल्यावर ते उत्तर बसवायला जागा उरत नाही.