ओटीवरचं वायफाय आणि मागची खोली

आपल्याकडे ज्यांच्या घरी फायबरचं नेट आलंय, त्यांच्याकडे गेलात की एक गोष्ट बघा. डबा कुठे बसवलाय? ओटीवर. टीव्हीच्या शेजारी, नाहीतर मीटरच्या खाली. कारण अगदी साधं आहे. केबल रस्त्याकडून येते, ओटी रस्त्याकडे तोंड करून असते. जोडणीवाला शिडी लावतो, एक भोक पाडतो, डबा ठोकतो, मोबाईलवर स्पीड दाखवतो आणि पुढच्या घराकडे निघतो. घरातली पुरुष मंडळी खूश, आता मॅच अडकणार नाही.

मागच्या खोलीत कोण बसतं, हे तेव्हा कुणी विचारत नाही.

आमचं पावसचं घर जुन्या पद्धतीचं, लांबोडकं. ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि पडवीच्या टोकाला एक खोली. ती पूर्वी बाळंतिणीची होती, नंतर तिथे आंब्याची अढी घालायचे. आता तिथे माझी पुतणी बसते. पुण्यातल्या एका कंपनीचं हिशेबाचं काम करते, घरूनच. कंपनीची अट एकच, मीटिंग तुटता कामा नये. ओटीवर मोजलं तर पन्नास एमबीपीएस, आणि तिच्या खोलीत ते गोल चाक फिरतंय. बिल तेच, घर तेच.

मग ती लॅपटॉप घेऊन ओटीवर येऊन बसायला लागली. ओटी म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. सीझनला पेट्यांचा हिशेब तिथे, मठात दर्शनाला आलेले पाहुणे चहाला तिथे, बातम्या तिथेच. येणारा प्रत्येक जण विचारणार, "काय गो, सुट्टी आहे वाटतं?" शेवटी एक दिवस म्हणाली, "काका, मी पुण्यालाच रूम घेते. इथे राहून काम होत नाही."

हे वाक्य रत्नागिरी जिल्ह्याला नवं नाही. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार होती, २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. वाढली नाही, चक्क घटली. त्याच २०११ मध्ये हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. म्हणजे पुरुष मुंबईला, बायका गावाला, हा शंभर वर्षांचा हिशेब त्या आकड्यात दिसतो. आता शिकलेल्या मुलीही निघाल्या. गावात राहून पगार मिळवता येईल असं काम पहिल्यांदाच हाताशी आलंय आणि ते चार भिंतींपायी जाणार असेल, तर भिंतींचं काहीतरी करायला हवं.

भिंती आपल्या चिऱ्याच्या. जांभ्या दगडाला 'लॅटराइट' हे नाव १८०७ साली फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने केरळातला असाच दगड बघून दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. विटेसारखा कापता येतो म्हणून. लोक म्हणतात, चिऱ्यात लोह आहे म्हणून रेंज अडते. माझ्या मते मोठा दोष जाडीचा आणि ओलीचा. दीड-दीड फूट भिंत, दगड सच्छिद्र, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आषाढात आपली भिंत पाणी पिऊन बसलेली असते, आणि वायफायच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. वाटेत लोखंडी कपाट, फ्रीज, आरसा आला की आणखी वजाबाकी.

फोनमध्ये सिग्नल मोजणारं फुकट अ‍ॅप मिळतं. त्यात उणे आकडे दिसतात, शून्याच्या जितके जवळ तितकं चांगलं. व्हिडिओ कॉलला साधारण उणे ६७ पर्यंत चालतं. आमच्याकडे ओटीवर उणे ४०, माजघरात उणे ५८, स्वयंपाकघरात उणे ७४, मागच्या खोलीत उणे ८६. यातला दर तीनचा फरक म्हणजे ताकद निम्मी, हे लक्षात घेतलं की मागे काय उरलं ते कळेल. डबा दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचवाला वेगवान पण भिंतीला लवकर हरतो, २.४ वाला हळू पण जरा चिवट. दूरच्या खोलीत २.४ ला जोडून बघा, फुकटचा उपाय आहे. आमच्याकडे त्यानेही भागलं नाही.

घरच्यांनी मग बाजारातून रिपीटर आणला, भिंतीच्या पिनमध्ये खोचायचा तो. लावला कुठे, तर मागच्या खोलीत. फोनवर सगळ्या काड्या भरल्या, सगळे खूश. वेग होता तेवढाच! कारण त्या काड्या रिपीटर आणि फोनमधल्या. रिपीटरला स्वतःला जे मिळतंय ते उणे ८६ चंच. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? रिपीटर लावायचाच तर मध्यावर, जिथे सिग्नल अजून धड आहे तिथे. आणि स्वस्तातला एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. दोन-तीन डब्यांचा महागडा मेश संच येतो, तोही बिनतारी ठेवला तर त्याच भिंतींशी भांडतो.

उपाय निघाला तो जुन्या वळणाचा. वायर ओढायची. ओटीवरच्या डब्यापासून पोटमाळ्यावरून, कौलांखालून, मागच्या खोलीपर्यंत तीसेक मीटर कॅट-सिक्स केबल. अशी केबल शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणजे आपल्या कुठल्याही घराला पुरेल. घेताना अस्सल तांब्याची घ्या. स्वस्त केबलमध्ये अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत तिचं काय होईल ते सांगायला नको. उंदरांसाठी पाइपातून न्या. टोकाला घरातच पडून असलेला जुना राउटर लावला. त्याचं पत्ते वाटायचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद केलं, नाव आणि पासवर्ड ओटीवरचाच ठेवला, आणि २.४ चा चॅनल वेगळा दिला. १, ६, ११ हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. गावातल्या वायरमनला अर्धा दिवस लागला. मागच्या खोलीत आता उणे ४५.

दोन सूचना. ही तांब्याची केबल अंगणातून गोठ्यापर्यंत किंवा शेजारच्या घरात उघड्यावरून नेऊ नका, विजांच्या दिवसांत दोन्हीकडचे डबे जळतात. तिथे फायबरच हवी. आणि लाइट गेली की दोन्ही डबे बंद, म्हणून दोघांना छोटा यूपीएस लावा. बहुतेक डबे बारा व्होल्टवर चालतात, पिनवर लिहिलेलं असतं ते बघून घ्या. नवं कनेक्शन घेणार असाल तर यातलं निम्मं काम वाचेल. जोडणीवाल्याला सांगा, डबा माजघरात. फायबर दहा मीटर जास्त लागेल एवढंच. तो म्हणेल, सगळे ओटीवरच लावतात. म्हणू दे.

आता हे सगळं घरातलं झालं. पण तुम्हीच बघा, सरकारही अगदी हेच करत आलंय. २०११ च्या ऑक्टोबरात केंद्राने ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली, तीच पुढे भारतनेट झाली. फायबर ग्रामपंचायतीच्या इमारतीत पोचली की कागदावर गाव जोडलं. म्हणजे डबा ओटीवर! आपली गावं कशी आहेत? बाजारपेठ एकीकडे, वाड्या चार दिशांना, मध्ये पऱ्या, घाटी, काजूची राई. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सिंधुदुर्गातली पशुवैद्यकीय शिकणारी एक मुलगी नेटसाठी डोंगरावर झोपडी बांधून, भर पावसात अभ्यास करत होती. सगळ्यांनी फोटो शेअर केले, तिच्या जिद्दीचं कौतुक केलं. मला त्या कौतुकाचा तेव्हाही राग आला होता. मागच्या खोलीतल्या मुलीने डोंगर चढायचा आणि आपण टाळ्या वाजवायच्या?

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने भारतनेटचा सुधारित आराखडा मंजूर केला, १ लाख ३९ हजार ५७९ कोटींचा. त्यात ग्रामपंचायतींपलीकडच्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांचाही विचार आहे, पण 'मागणीनुसार'. हा शब्द नीट वाचा. मागितलं तर मिळेल. आणि तिथेही मोजणी गावाची, वाडीची नाही. आपल्याकडे माणसं राहतात ती वाडीत. जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या किमान २ एमबीपीएस आहे. आपल्या शेवटच्या वाडीतल्या शेवटच्या घरात तेवढं तरी येतं का, हे कुणी मोजलंय?

म्हणून पुढच्या ग्रामसभेला मी तीन प्रश्न लेखी देणार आहे. पंचायतीतल्या फायबरवर आज काय काय चालतं? तिथून शाळा, अंगणवाडी आणि आरोग्य केंद्रापर्यंत वायर गेली आहे का? आणि वाड्यांसाठी मागणी कोणाकडे, कुठल्या अर्जाने करायची? ठराव करून घेऊ. त्याआधी ज्यांना जमेल त्यांनी आपल्या वाडीत दुपारी आणि रात्री नऊला स्पीड मोजून स्क्रीनशॉट कमेंटमध्ये टाका, वाडीचं नाव घालून. "नेट येत नाही" म्हटलं की लोक हसतात, आकडा दिला की लिहून घ्यावं लागतं.

पुतणी सध्या इथेच आहे. दिवाळीपर्यंत बघते म्हणालीय.

आणि हो, माझ्याकडे वीसेक मीटर केबल उरली आहे. मागच्या खोलीत कुणी अभ्यासाला बसत असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. क्रिम्पिंगचा पकडही आहे, तो मात्र परत आणून द्यायचा.