फाटली तर विणून घ्यायची

वेताने विणलेली सागवानी खुर्ची अजून मिळते. जेवणाच्या टेबलाभोवती मांडायला हल्ली तिला नव्याने मागणीही आहे. तिच्याबरोबरचं जे जातं आहे, त्याची ही नोंद.

भोकं. बैठकीच्या चौकटीत सुमारे अर्ध्या अर्ध्या इंचावर पाडलेली. हाताने विणलेल्या खुर्चीची खूण हीच. आताच्या पुष्कळ खुर्च्यांना भोकं नसतात. यंत्रावर विणलेली जाळी कापून चौकटीच्या खाचेत गोंदाने बसवतात. वरून पाहिलं तर फरक कळत नाही.

साल. वेत ही ताडाच्या कुळातली काटेरी, झाडांवर चढत जाणारी वनस्पती. जाळीला लागते तिची चकचकीत साल. ती भिजवून ओलीच विणायची, म्हणजे वाळताना आपोआप ताणली जाते. तिच्या जागी आता प्लास्टिकची पट्टी आली आहे.

सहा फेऱ्या. दोन उभ्या, दोन आडव्या, दोन तिरप्या. एक तिरपी उभ्या जोडीवरून आणि आडव्या जोडीखालून जाते, दुसरी बरोबर उलट. मधे अष्टकोनी डोळे उरतात. पट्टी सुटू नये म्हणून भोकात खुंटी मारायची, शेवटी कडेवरून रुंद पट्टी फिरवायची. एका बैठकीला अख्खा दिवस सहज जातो.

विणणारे. अंधांच्या कर्मशाळांत हे काम शिकवलं जाई आणि सरकारी कचेऱ्यांत त्या कामाच्या जागाही असत. बोटांनी भोकं चाचपत विणलेल्या बैठकांवर कित्येक कारकुनांनी नोकरी काढली. मग फोम आणि रेक्झिन आलं, पाठोपाठ चाकांच्या खुर्च्या आल्या. विणण्याचं कामच आटलं.

चंदीगडच्या खुर्च्या. चंदीगड शहर आखणाऱ्या ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ, वास्तुरचनाकार पिएर जानरे १९५१ ते १९६५ तिथे राहिला. नव्या राजधानीसाठी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सागवान आणि वेताच्या खुर्च्या आखल्या. पाय उघडलेल्या कंपाससारखे. सचिवालयात, उच्च न्यायालयात, विद्यापीठात त्या वापरल्या गेल्या. पुढे जुन्या झालेल्या कितीतरी भंगारात निघाल्या, किरकोळ भावाने लिलावात गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्यांना पॉलिश केलं, नव्याने विणून घेतलं आणि लाखो रुपयांना विकलं. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा वारसा-फर्निचरच्या विक्रीला मनाई केली. तोवर बरंच गेलं होतं.

दुरुस्तीचा भरवसा. वेत कधीतरी तुटणार, हे खुर्ची घडवणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. लाकूड पिढ्यान्‌पिढ्या राहावं आणि वेत अधूनमधून बदलावा, असा त्याचा हिशोब. त्यात विणणारा गृहीत धरलेला होता. लाकडाला आज किंमत आली, त्या हाताला आली नाही.

घरात भोकांची खुर्ची असेल, तर फाटल्या बैठकीवर प्लायवूड ठोकू नका. विणणारा शोधा, मजुरीत घासाघीस करू नका. शिकायला तयार असलेलं कुणी ओळखीत असेल, तर त्याला त्या दिवशी शेजारी बसवा.